सीबीसीतील एनएलआरवरून मधुमेहाच्या गुंतागुंतीचा अंदाज बांधता येतो का?

प्रश्न (दादर): आईचे वय 64 असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. नुकत्याच केलेल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल 72 टक्के व लिम्फोसाइट 18 टक्के (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) आले असून, खाली एनएलआर 4.0 असे ठळक छापले आहे. हा आकडा वाढला की मूत्रपिंडाला आणि डोळ्यांना धोका असतो, असे वाचनात आले. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे माप) 7.8 टक्के आहे. काळजी करावी का?

उत्तर (परळ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ): एनएलआर ही वेगळी तपासणी नव्हे. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागले की तो मिळतो, म्हणून तो सीबीसीच्याच पैशांत येतो. मात्र नमुना दिला तेव्हा ताप, खोकला किंवा पायाला जखम होती का, हे आधी सांगावे. स्टेरॉइड चालू असल्यास न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे भागाकार दोन्हीकडून फुगतो. डेंग्यूत तो उलट खालीही येऊ शकतो, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यातील एकट्यादुकट्या अहवालावर मी तरी विसंबणार नाही.

प्रश्नकर्ती: खोकला होता, आणि दम लागत असल्याने डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्याही दिल्या होत्या. लघवीची तपासणी कोणी सांगितलेली नाही.

उत्तर (शीव, फिजिशियन): मग या 4.0 चा मधुमेहाशी संबंध जोडता येणार नाही. ज्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाते (मूत्रपिंडावर परिणाम झाल्याची खूण) किंवा ज्यांच्या दृष्टिपटलावर परिणाम झाला आहे, अशा रुग्णांच्या गटात एनएलआरची सरासरी जास्त आढळते, कारण मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला मंद दाह होत राहतो. परंतु असा त्रास असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका व्यक्तीच्या आकड्यावरून ती कोणत्या गटातील आहे हे सांगता येत नाही, आणि सर्वमान्य मर्यादाही ठरलेली नाही. अहवालात तो ठळक छापण्याची प्रथा मला अनाठायी वाटते.

लघवीची तपासणी राहिली आहे, ही खरी काळजीची बाब आहे. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर खोकला पूर्ण बरा झाल्यावर करावे, कारण ताप आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीही ते वाढते. ते 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून जास्त आले, तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासावे. तीनपैकी दोन नमुने वाढलेले असले तरच ते ग्राह्य धरतात. सोबत रक्तातील क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) काढून घ्यावा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे; केईएम, नायर आणि शीव या पालिका रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. पायाच्या तळव्याची संवेदना नायलॉनच्या तंतूने दवाखान्यातच तपासता येते.

त्याच सीबीसीतील हिमोग्लोबिन किती आहे, ते कळवावे. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असेल तर एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, आणि तसे असल्यास 7.8 वरून औषध वाढवण्याची घाई करू नये.