मदत हवी आहे: फ्लाय ॲश घातलेलं सिमेंट-ॲस्फाल्ट मॉर्टर साच्यातून निघतच नाही

रुळाखालचा
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, सोलापूर. स्लॅब ट्रॅकच्या पॅनेलखाली भरतात ते कमी मॉड्युलसचं, म्हणजे जरा लवचिक, मॉर्टर, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या जपानी पद्धतीच्या ट्रॅकला असतं त्या जातीचं. सिमेंटच्या जागी ३० टक्के फ्लाय ॲश (कोळसा जाळून उरणारी बारीक राख) घालतोय. एका बॅचचं माप: पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) ७०० ग्रॅम, राख ३०० ग्रॅम, एसएस-२ इमल्शन (पाण्यात विखुरलेलं बिटुमेन, म्हणजे डांबर) १६०० ग्रॅम, वाळू २००० ग्रॅम, वरून पाणी १५० ग्रॅम. ढवळायला ड्रिलला लावलेलं पातं.

अडचणी अशा: मार्श कोनमधून (माल किती सहज वाहतो ते मोजायचा शंकू) सुरुवातीला छान वाहतं, अर्ध्या तासात लापशी होते. वर ४-५ मिमी फेसाचा थर बसतो. दुसऱ्या दिवशी क्यूब सोडवताना कोपरे साच्यालाच चिकटून राहतात. टाकीतल्या पाण्यात क्युअरिंग करून ७ दिवसांची ताकद ०.४ एमपीए. चीनच्या सीआरटीएस-१ (तिथल्या स्लॅब ट्रॅकचा एक प्रकार) च्या मॉर्टरला १ दिवसाला ०.१, ७ दिवसांना ०.७, २८ दिवसांना १.८ लागते. राख कमी करू की इमल्शन?

होटगीनाका
दोन्ही थांबवा, आधी सिमेंटची गोणी वाचा. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश कारखान्यातच घातलेली असते. ३० धरली तर तुमच्या ७०० ग्रॅममध्ये खरं सिमेंट ४९० ग्रॅम आणि राख एकूण ५१० ग्रॅम झाली. म्हणजे ३० टक्के बदल म्हणता म्हणता तुम्ही ५१ वर पोचलात. एसएस-२ मध्ये बिटुमेन ६० टक्के धरा, म्हणजे ९६० ग्रॅम. एकूण पावडरच्या हिशेबाने ०.९६ गुणोत्तर ठीक दिसतं, पण खऱ्या सिमेंटच्या हिशेबाने ते १.९६ आहे. सिमेंटच्या कणांवर बिटुमेनचा पापुद्रा चढला की हायड्रेशन आधीच मंदावतं, आणि राखेला घट्ट व्हायला लागणारा चुना मिळतो तो सिमेंटच्या हायड्रेशनमधूनच. पहिल्या दिवशी ताकद येणार कुठून?

ओपीसी ५३ (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) घ्या. ८५० ग्रॅम ओपीसी, १५० ग्रॅम राख, वरचं पाणी १०० पासून सुरू. इमल्शन आणि वाळू तशीच. हे जमलं की मग २० टक्के.

राख कुठली आहे?

रुळाखालचा
विटांच्या कारखान्यातून एक गोणी आणली. करडी-काळी आहे, बोटाला खरखरीत लागते.

होटगीनाका
मग त्यात तळ्यातली राख मिसळलेली असण्याची दाट शक्यता. फताटेवाडीच्या थर्मलची (औष्णिक वीज केंद्राची) घ्यायची तरी कोरडी, सायलोतली घ्या. आयएस ३८१२ भाग १ (फ्लाय ॲशचं भारतीय मानक) प्रमाणे ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त उरू नये, जळून कमी होणारं वजन ५ टक्क्यांच्या आत. काळसरपणा म्हणजे न जळलेला कोळसा; तो इमल्सिफायर (बिटुमेन पाण्यात विखुरलेलं ठेवणारं रसायन) आणि फेसनाशक दोन्ही पिऊन टाकतो.

मफलभट्टी
लापशी होण्यामागे सोलापूरचा उन्हाळा जास्त आहे. उन्हात ठेवलेल्या ड्रममधलं इमल्शन, वर तापलेली वाळू. एसएस-२ कॅटायनिक, सिमेंटच्या बारीक कणांवर तुटायला (पाणी आणि बिटुमेन वेगळं व्हायला) टपलेलंच असतं, गरम झालं की लवकर तुटतं. मिश्रण ३५ अंशांच्या खाली ठेवा: वाळू आदल्या रात्री आत, पाणी माठातलं. बर्फ घातलात तर त्याचं वजन पाण्यात धरा. ड्रम वापरण्याआधी हळू ढवळा, तळाला बिटुमेन बसलेलं असतं.

मार्श कोनचे सेकंद जे-फनेलच्या (या मॉर्टरचा वाहतेपणा मोजायचं नरसाळं) १८–२६ सेकंदांशी जुळवू नका, तोंडाचा व्यासच वेगळा. जे-फनेल ६४० मिलीचा, खालचं तोंड १० मिमी. वर्कशॉपमध्ये करून घेता येतो.

फेस ड्रिलमुळे. आधी इमल्शन, पाणी आणि फेसनाशक मंद गतीवर. मग सिमेंट, राख, वाळू कोरडी मिसळून दीड-दोन मिनिटांत थोडी थोडी सोडा. २-३ मिनिटं जोरात, शेवटचं मिनिट पुन्हा मंद, म्हणजे अडकलेली हवा वर येऊन जाते. पातं मालात पूर्ण बुडालेलं हवं. सगळ्यांची घाई होते ती याच शेवटच्या मिनिटाला.

आणि साच्याला काय लावता?

रुळाखालचा
जुनं इंजिन ऑइल.

मफलभट्टी
तेच कोपरे खातंय. तेलात बिटुमेन विरघळतं. आतून पातळ पॉलिथिन लावा नाहीतर सिलिकॉन ग्रीस. टाकीही बंद. या मॉर्टरला साधारण २३ अंश, ६५ टक्के आर्द्रतेची हवा लागते. पाणी उडाल्याशिवाय बिटुमेनचा सलग पडदा जमत नाही. राखेला ओल हवी हे खरं, म्हणून पहिला दिवस साचा प्लॅस्टिकने झाका.

रुळाखालचा
साखर कारखान्याची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख फुकट मिळतेय, ती चालेल?

होटगीनाका
फुकट आहे म्हणूनच नको. त्यात जळके धागे असतात, पाणी आणि इमल्शन शोषतात. पुन्हा भाजून, दळून, ४५ मायक्रॉनमधून काढायची तयारी असेल तर वेगळा प्रोजेक्ट करा.

मफलभट्टी
ॲल्युमिनियम पावडर घालणार असाल, १–३ टक्के प्रसरणासाठी, तर आधी थोड्या कोरड्या राखेत घोळवा. नुसती टाकलीत तर वर तरंगते. राख वाढली की अल्कली कमी होऊन फुगणं रेंगाळतं, उन्हाळ्यात उलट ओतायच्या आधीच फुगून मोकळं होतं. १०० मिलीच्या मोजपात्रात रोजची ट्रायल घ्या, तापमान लिहून.