परदेशातली बातमी कशी वाचावी? (अनुभव धागा)

मुळाकाठ (धागाकर्ती)

परदेशात राहायला गेलं की बँक खातं, भाड्याचं घर, मुलांची शाळा यांची माहिती देणारे दहा जण भेटतात. त्या देशाची बातमी कशी वाचायची हे मात्र कोणी सांगत नाही. मग दहा वर्षं तिथे राहूनही माणूस तिथली निवडणूक मराठी वाहिनीवरून समजून घेतो आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रफितीवरून मत बनवतो. हे बदलावं असं फार वाटतं, म्हणून हा धागा.

तुमच्या देशात बातमीला पैसा कुठून येतो, कोणता कायदा तिला लगाम घालतो, आपल्या पासपोर्टवाल्याला मतदानात काय करता येतं आणि नवखा माणूस हमखास कुठे चुकतो, ते लिहा. कोणता नेता बरा, कोणता वाईट हे इथे नको. आकडे आणि नावं नेमकी द्या.

बाभूळबन (मँचेस्टर)

ब्रिटनपासून सुरुवात करतो, कारण इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेक मराठी घरांत माहीतच नसते. भारतीय नागरिक रीतसर व्हिसावर इथे राहत असेल तर त्याला खासदारकीच्या निवडणुकीतही मत देता येतं. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना हा हक्क आहे आणि विद्यार्थी व्हिसावरही तो मिळतो. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (कर आणि सामाजिक सुरक्षेसाठीचा सरकारी क्रमांक) मागतात. नसेल तर कारण लिहून अर्ज पुढे नेता येतो, मग कौन्सिल (स्थानिक नगर परिषद) दुसरे कागद मागते. मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी संपते. यादीत नाव असलं की कर्ज काढताना पतमापनालाही मदत होते.

मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेलाही चालतो, फक्त फोटोवरून ओळख पटली पाहिजे. आपल्याकडे अडचण येते ती नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं, असं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. मधलं नाव गाळलेलं असणं किंवा स्पेलिंगमधला किरकोळ फरक सहसा आड येत नाही.

आता बातम्यांकडे. टीव्ही आणि रेडिओला ऑफकॉम या प्रसारण नियामकाच्या नियमावलीनुसार निःपक्षपात पाळावा लागतो. वर्तमानपत्रांना असं बंधन नाही. त्यामुळे टेलिग्राफ आणि डेली मेल उघडपणे उजवीकडे, मिरर मजूर पक्षाकडे आणि गार्डियन डावीकडे, हे लपूनछपून चालत नाही. ‘पेपर विकला गेलाय’ असं नवखा माणूस म्हणतो तेव्हा त्याला हा फरकच माहीत नसतो. एकाच विषयावर टेलिग्राफ आणि गार्डियन दोन्ही वाचावेत. दोघांनी दिलेला तपशील बहुधा पक्का असतो, आणि एकानेच दिलेला तपशील कुठून आला ते शोधावं.

टीव्ही परवाना एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झाला होता. कोणतीही वाहिनी थेट पाहायची असेल किंवा बीबीसी आयप्लेअर वापरायचा असेल तर तो लागतो, मग पडदा फोनचा असला तरी. बीबीसी रेडिओ आणि संकेतस्थळावरच्या लेखी बातम्यांना लागत नाही. मराठी वाहिनी इंटरनेटवरून ‘लाइव्ह’ पाहिली तरी ते थेट प्रक्षेपणच. इथे बरेच जण फसतात.

सगळ्यात मोठा गैरसमज अटकेनंतरच्या शांततेचा. एखादा गंभीर गुन्हा घडतो, दोन दिवस बातम्यांचा मारा होतो, मग कोणाला तरी अटक होते आणि वर्तमानपत्रं एकदम गप्प होतात. लगेच व्हॉट्सॲप गटांवर सुरू होतं, ‘प्रकरण दडपलं’. खरं कारण १९८१ चा न्यायालयीन अवमान कायदा. अटक झाली की खटला ‘चालू’ धरला जातो. पुढे निकाल देणारे १२ ज्युरी सामान्य नागरिकांतून निवडतात; त्यांचं मत आधीच कलुषित होऊ नये म्हणून आरोपीचा पूर्वेतिहास, कबुलीजबाब असलं काही छापता येत नाही. हा कायदा फेसबुकवर लिहिणाऱ्यालाही लागू आहे. तेव्हा अटक झाल्यावर आरोपीची जुनी प्रकरणं खणून गटात टाकू नयेत. निकालाच्या दिवशी सगळं छापून येतं, तेव्हा वाचावं.

निवडणुकीचं गणित भारतासारखंच, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून. म्हणून २०२४ मध्ये सुमारे ३४ टक्के मतांवर मजूर पक्षाने ६५० पैकी ४०० हून अधिक जागा घेतल्या. मतदानोत्तर चाचणीचे आकडे रात्री १० वाजता, मतदान संपल्यावरच येतात. त्याआधी ते प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, त्यामुळे दुपारी फिरणारे ‘एक्झिट पोल’ बिनदिक्कत खोटे समजावेत.

कुळागर (स्विंडन)

बाभूळबन यांच्या माहितीला गोव्याची पुरवणी. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे आणि त्यातले पुष्कळजण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. त्यांच्यासाठी नियम उलटा पडतो. पोर्तुगीज नागरिक म्हणून इंग्लंडमध्ये फक्त स्थानिक निवडणुकांत मत देता येतं, खासदारकीला नाही. एकाच घरात नवरा पोर्तुगीज आणि बायको भारतीय नागरिक असेल तर संसदेसाठी मत तिचं, त्याचं नाही. नोंदणी दोघांनीही करावी, अर्जात राष्ट्रीयत्व खरं तेच लिहावं. कोणाला कोणती मतपत्रिका द्यायची ते यादीतल्या खुणेवरून ठरतं. ब्रिटिश नागरिकत्व मिळालं की अर्थात सगळी मतं.

स्थानिक बातम्यांसाठी एक सुचवतो. बीबीसीच्या पैशातून स्थानिक लोकशाही वार्ताहर नेमलेले असतात. ते कौन्सिलच्या बैठकांना बसतात आणि त्यांच्या बातम्या सहभागी स्थानिक पेपरांना वापरता येतात. बातमीवर लेखकाच्या नावाखाली तसा उल्लेख असतो. बसमार्ग, शाळेतल्या जागा, घरांची परवानगी यांची बातमी तिथे मिळते, लंडनच्या पेपरात नाही.

निवडुंग (कोलोन)

जर्मनीत पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत प्रसारण शुल्काचं पत्र येतं. टीव्ही नाही, जर्मन कळत नाही, ही कारणं चालत नाहीत. शुल्क घरामागे आहे, माणसामागे नाही: महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. चारजण एका घरात राहत असतील तर एकानेच भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा शुल्क क्रमांक कळवायचा. पत्र जाहिरात समजून फेकून दिलं की थकबाकी साचत जाते आणि वसुलीपर्यंत प्रकरण जातं. देश सोडताना पत्त्याची नोंद रद्द करणं पुरत नाही, शुल्काची नोंद वेगळी रद्द करावी लागते.

त्या पैशातून एआरडी आणि झेडडीएफ या टीव्ही वाहिन्या आणि डॉइचलांडफुंक हा रेडिओ चालतात. रोज रात्री ८ वाजता एआरडीवर १५ मिनिटांचं ‘टागेसशाउ’ हे बातमीपत्र पाहावं. १९५२ पासून चालू आहे, त्यात आरडाओरडा नसतो. भाषा कच्ची असेल तर डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात, मजकुरासकट.

बातमीतल्या आरोपीचं आडनाव ‘थॉमस के.’ असं एका अक्षरावर थांबतं. ओळख जपण्याचा हक्क इथे गंभीरपणे घेतात. राष्ट्रीयत्व लिहायचं की नाही याबद्दलही जर्मन प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत कलम आहे: सार्वजनिक हिताचं सबळ कारण असेल तरच लिहावं. ते कारण सबळ होतं की नव्हतं यावर दर मोठ्या गुन्ह्यानंतर वाद होतो, पण वादाचं मूळ कुठे आहे ते माहीत असावं.

मतदान: प्रत्येकाला दोन मतं. पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. नाव ‘दुसरं’ असलं तरी संसदेतलं बळ त्यावरच ठरतं. पाच टक्क्यांखाली पक्ष बाहेर, तीन मतदारसंघ जिंकले असतील तर सूट. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला आणि ६३० जणांच्या सभागृहात त्याचा एकही सदस्य नाही. संध्याकाळी ६ ला येतो तो अंदाज मतदारांना विचारून काढलेला. त्यानंतरचे आकडे मोजलेल्या मतांवर आधारलेले. दोन्हीला जर्मनमध्ये वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे मात्र दोन्हीचं ‘निकाल’ होऊन जातं.

भारतीय नागरिकाला यातलं कोणतंच मत नाही. पण आमच्या राज्यात, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात, शहराच्या एकात्मता समितीची निवडणूक असते, तिथे परदेशी नागरिक मत देऊ शकतात आणि उभेही राहू शकतात. फार कमी लोक जातात, म्हणून थोडी मतंही वजनदार ठरतात.

मुळाकाठ

निवडुंग, भाषांतर यंत्रावर जर्मन बातमी वाचणाऱ्यांनी काय सांभाळावं?

निवडुंग (कोलोन)

क्रियापद. जर्मन पत्रकार दुसऱ्याचं म्हणणं सांगताना क्रियापदाचं वेगळंच रूप वापरतो. ‘मंत्र्याला माहिती नव्हती’ हे पत्रकाराचं स्वतःचं विधान असेल तर ‘हाटे’ किंवा ‘हाट’. तेच मंत्र्याचं म्हणणं असेल तर ‘हाबे’. एवढ्या एका रूपातून पेपर सांगतो की याची जबाबदारी आमची नाही. पहिल्या वाक्यात ‘मंत्री म्हणाले’ येतं आणि पुढची चार-पाच वाक्यं फक्त या रूपावर चालतात. भाषांतरात ते रूप गळालं की मंत्र्याचा बचाव ही बातमीतली वस्तुस्थिती होऊन बसते. आपल्या ‘म्हणे’ला जवळचं वाटेल, पण ‘म्हणे’त शंका डोकावते आणि यात ती नसते. ‘माहिती नसल्याचे त्यांनी सांगितले’ हे आपल्या पेपरांतलं वळण जास्त जुळतं.

दुसरा धोका ‘झोल’. आरोपाच्या बातमीत याचा अर्थ ‘असं सांगितलं जातं’. ‘त्याने पैसे चोरल्याचा आरोप आहे’ या वाक्याचं यंत्र कधीकधी ‘त्याने पैसे चोरायला हवे होते’ असं करतं. विचित्र ‘हवे होते’ दिसलं की मूळ वाक्य उघडून पाहा.

शेवंती (न्यू जर्सी)

अमेरिकेत आधी काय करू नये ते. वाहनपरवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीही होते, १९९३ च्या कायद्याने. काउंटरवर किंवा पडद्यावर प्रश्न येतो आणि घाईत ‘हो’ म्हटलं जातं. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असताना ‘मी नागरिक आहे’ या वाक्याखाली सही झाली तर नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, हद्दपारीपर्यंतही जाऊ शकतं. चुकून नाव गेलंच तर मत देऊ नका, आधी इमिग्रेशन वकील गाठा. देणगीचंही तसंच: ग्रीन कार्डवाल्याला निवडणुकीत देणगी देता येते, व्हिसावर असलेल्याला देता येत नाही, अगदी गावच्या स्कूल बोर्डाच्या उमेदवारालाही.

इथे देशभर निकाल जाहीर करणारा भारतासारखा निवडणूक आयोग नाही. रात्री ‘अमुक जिंकले’ हे असोसिएटेड प्रेस (एपी) सारख्या वृत्तसंस्था आणि वाहिन्या आपल्या मोजणीवरून सांगतात; अधिकृत प्रमाणपत्र राज्य काही आठवड्यांनी देतं. मधल्या काळात आकडे बदलतात ते बहुधा टपाली मतं उशिरा मोजल्यामुळे; आकडा बदलला म्हणजे गडबड झाली असं नव्हे.

१९८७ पर्यंत वाहिन्यांना दोन्ही बाजू दाखवण्याचा नियम होता, तो रद्द झाला. संध्याकाळी केबल वाहिनीवर जे चालतं त्यातलं बरंचसं मतप्रदर्शन असतं. सकाळी एपी किंवा रॉयटर्स वाचा, टीव्ही नंतर.

विधेयकाची बातमी आली की क्रमांक शोधा आणि ते कोणत्या पायरीवर आहे ते पाहा. २०२३ चं उदाहरण आपल्या जवळचं आहे. सिएटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारीत जातीवरून भेदभावाला बंदी घातली. तो शहराचा कायदा झाला. कॅलिफोर्नियाचं त्याच विषयावरचं विधेयक, एसबी ४०३, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला, म्हणजे ते कायदा झालंच नाही. ‘पास झालं’ एवढ्यावर थांबलेल्या वाचकाला दोन्ही सारखंच वाटतं. विषय ज्यांच्या जगण्याशी थेट जोडलेला आहे त्यांना असली अर्धी बातमी देणं बरं नाही.

स्थानिक पेपरांची स्थिती वाईट आहे, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जर्सी सिटीचा ‘जर्सी जर्नल’ १८६७ पासूनचा, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला. त्याच महिन्यात ‘स्टार-लेजर’ची छापील आवृत्ती थांबली. शाळेचं अंदाजपत्रक आणि मालमत्ता कर तर गावातच ठरतात. म्हणून टाउन कौन्सिल आणि स्कूल बोर्डाची कार्यक्रमपत्रिका संकेतस्थळावर पाहावी, बैठकीला जाऊन बसावं. बोलायला नागरिकत्व विचारत नाहीत. ग्रंथालयाचं कार्ड मोफत असतं, आणि अनेक ग्रंथालयांत त्यावर मोठे पेपर घरबसल्या वाचता येतात.

पिंपळपान (दुबई)

अमिरातीत मतदानाचा प्रश्नच नाही, पण फॉरवर्ड करण्याचा आहे. २०२१ चा संघीय कायदा क्रमांक ३४ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खोटी बातमी किंवा अफवा पसरवल्यास किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड. साथ किंवा आपत्तीच्या काळात दोन वर्षं आणि दोन लाख. फक्त पुढे पाठवणंही यात येतं. अधिकृत बातमी ‘वाम’ या सरकारी वृत्तसंस्थेवर पाहून घ्यावी. अपघाताचे, अनोळखी लोकांचे फोटो गटात टाकू नयेत.

मराठी मंडळांनी विशेष लक्ष द्यावं: गावातल्या पूरग्रस्तांसाठी गटावर पैसे गोळा करणं परवान्याशिवाय गुन्हा आहे. एमिरेट्स रेड क्रेसेंटसारख्या परवानाधारक संस्थेमार्फतच द्यावेत.

करवंद (सिंगापूर)

सिंगापुरात खोट्या बातम्यांविरुद्धच्या २०१९ च्या कायद्याखाली मंत्री ऑनलाइन मजकुरावर ‘दुरुस्ती’ लावायचा आदेश देऊ शकतात. मजकूर राहतो, वर सरकारची दुरुस्ती येते. दोन्ही वाचावं, आक्षेप नेमक्या कोणत्या वाक्याला आहे ते कळतं. हाँग लिम पार्कमधल्या सभांना परदेशी नागरिकाने नुसतं ऐकायलाही उभं राहू नये. तिथे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच परवानगी आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद असतो, त्या दिवशी राजकीय फॉरवर्डही नको.

सांजवात (झुरिक)

स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून चार रविवार जनमताचे. एक लाख सह्या १८ महिन्यांत जमल्या की राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव थेट लोकांपुढे जातो. प्रत्येक वेळी सरकार एक छोटी लाल पुस्तिका काढतं, त्यात समर्थक आणि विरोधक दोघांचे युक्तिवाद असतात. ती मतदारांना घरी येते, पण संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. या देशाचं राजकारण समजून घ्यायला त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. परदेशी लोकांना झुरिकमध्ये मत नाही, नोशातेल कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य) काही वर्षं राहिल्यावर आहे. प्रसारण शुल्क घरामागे वर्षाला ३३५ फ्रँक.

कुळागर (स्विंडन)

एक विचारायचं होतं. परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांच्या भारतातल्या मताचं काय?

बाभूळबन (मँचेस्टर)

अर्ज क्रमांक ६अ भरायचा, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. टपालाने किंवा दूतावासातून मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी तिथे हजर राहून मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्डावर (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर) मत नाही. आणि जुनी सामान्य नोंदणी गावात अजून असेल तर ६अ भरताना ती आधी रद्द करून घ्या.