घरच्या व्हीएममध्ये बाहेरून सुरक्षितपणे कसं शिरावं? मदत हवी आहे

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

घरी विंडोजचा डेस्कटॉप आहे. त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सर्व्हर २४.०४ ची एक व्हीएम, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, चालवतो. माझ्या स्क्रिप्ट्स, एक छोटा डेटाबेस, अर्धवट सोडलेले चार प्रयोग, सगळं तिच्यातच. आठवड्यातले चार दिवस मी घराबाहेर असतो आणि नेमकी तेव्हाच तिच्यातली एखादी फाइल लागते. म्हणून गेल्या शनिवारी फारसा विचार न करता व्हीएमचं नेटवर्क ब्रिज्ड केलं (म्हणजे घरच्या नेटवर्कवर तिला स्वतःचा पत्ता मिळतो), राउटरमधून पोर्ट २२ तिच्याकडे वळवला आणि बाहेरून एसएसएच (दूरच्या यंत्रात लॉगिन करून कमांड द्यायची सोय, तिचा नेहमीचा पोर्ट २२) करून पाहिलं. पहिल्या झटक्यात जमलं. स्वतःवरच खूश झालो.

रविवारी सकाळी सहज ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) उघडला तर तो संपता संपेना. ‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर’ आणि पुढे ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पाय, पुन्हा ॲडमिन. एका रात्रीत चार हजारांवर ओळी. माझा पासवर्ड १४ अक्षरी आहे, पण तरी पोटात गोळा आलाच. राउटरमधला तो नियम लगेच काढून टाकला.

आता प्रश्न असा: व्हीएम बाहेरून वापरता तर यायला हवी, पण हे असलं काही नको. पोर्ट २२ ऐवजी दुसरा कुठला तरी ठेवून भागेल का? एका मित्राने व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद बोगदा) सुचवलं, दुसरा म्हणतो व्हर्च्युअलबॉक्सचाच रिमोट डिस्प्ले (व्हीएमचा पडदा दुरून दाखवणारी सोय) वापर. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

किल्लीवाला

आधी घाबरणं थांबवा. तुमच्यावर कुणाचा वैयक्तिक राग नाही. इंटरनेटवरचे सगळे आयपी पत्ते चाळत बसणारे बॉट आहेत, २२ उघडा दिसला की ते ठोकायला लागतात. दुसरा पोर्ट ठेवलात तर लॉगमधला कचरा कमी होईल, पण ते दाराची पाटी बदलण्यासारखं आहे, कुलूप तेच राहतं.

राउटरमधला नियम काढलात हे उत्तम. पण पुढचं काही करण्याआधी एक बघा. त्याच लॉगमध्ये ‘ॲक्सेप्टेड’ (म्हणजे यशस्वी लॉगिन) शब्द शोधा. त्या रात्रीच्या वेळेतली, तुमची नसलेली एक जरी ओळ सापडली तरी ती व्हीएम गेली असं समजा. शिवाय तुमच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्यांची यादी) अनोळखी किल्ली आहे का आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) काही नवीन आलंय का तेही पाहा. शनिवारच्या आधीचा स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली अवस्था) आहे का?

रात्रपाळी

‘ॲक्सेप्टेड’ दोनच ओळी आहेत, दोन्ही माझ्या मोबाइलवरून केलेल्या. क्रॉन आणि किल्ल्या ठीक. स्नॅपशॉट तीन महिन्यांपूर्वीचा. (हो, माहीत आहे.)

जुनं टर्मिनल

मित्राच्या रिमोट डिस्प्लेबद्दल आधी बोलतो, कारण तो सल्ला धोक्याचा आहे. ती सोय एक्स्टेन्शन पॅक टाकल्यावर मिळते, मूळचा पोर्ट ३३८९ असतो आणि ऑथेंटिकेशनची मूळ सेटिंग ‘नल’. म्हणजे पासवर्ड विचारतच नाही. जो जोडेल त्याला थेट मॉनिटरसमोर बसवल्यासारखं. घरातल्या नेटवर्कपुरतं एकवेळ चालेल, बाहेर उघडायची गोष्ट नाही. २०१९ साली ब्लूकीप नावाची त्रुटी निघाली होती, तिच्यात जुन्या विंडोजच्या आरडीपीमधून (दुरून डेस्कटॉप वापरायची सोय, तिचाही पोर्ट ३३८९) लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. तेव्हापासून ३३८९ इंटरनेटवर उघडा दिसला की मला घाम फुटतो.

व्हीपीएन सुचवणारा मित्र शहाणा आहे, त्याला धरून राहा. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन वापरा. २०२० मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ पासून ते कर्नलमध्येच आलंय, त्यामुळे व्हीएममध्ये फक्त त्याची साधनं टाकावी लागतील. राउटरमधून एकच यूडीपी पोर्ट वळवायचा, नेहमीचा ५१८२०. गंमत अशी की ज्याच्याकडे बरोबर किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. बॉटने दार ठोकलं तरी आतून ‘कोण?’ असंही येत नाही. म्हणून नंतर बाहेरून पोर्ट तपासलात आणि बंद दिसला तर बिघडलं समजू नका.

कोरी पाटी

मध्येच घुसतोय, माफी. मीही हेच करायला गेलो होतो, पण माझ्याकडे पोर्ट वळवूनही बाहेरून काहीच आत येत नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर भलताच दिसतो. राउटर बिघडलाय का?

जुनं टर्मिनल

राउटर ठणठणीत आहे, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी आतल्या आत वापरायला राखून ठेवलेले आहेत. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट वळवायचा तर तो त्यांच्या यंत्रावर वळवावा लागेल आणि तिथे तुमचा हात पोचत नाही. एकतर कंपनीकडे स्वतःचा सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर टेलस्केल वापरा. आत वायरगार्डच आहे, पण दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर पडून एकमेकांना गाठतात, राउटरला हातच लावावा लागत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ज्या खात्याने टेलस्केलमध्ये लॉगिन कराल तेच आता तुमच्या घराचं कुलूप, त्याला दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावाच. आणि यंत्राची किल्ली मुळात १८० दिवसांनी बाद होते. व्हीएमपुरतं ते बंद करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी, नेमके बाहेर असताना, ती यादीत दिसेल पण जोडली जाणार नाही.

किल्लीवाला

+१. रात्रपाळी, तुमच्याकडे बॉट पोचले त्याअर्थी तुमचा पत्ता सार्वजनिक आहे, तुम्हाला सरळ वायरगार्ड जमेल. ते व्हीएमच्या आतच टाका, विंडोजवर नको. मग बोगद्यातून पोचणारा फक्त व्हीएमपर्यंत पोचतो. राउटरमध्ये व्हीएमचा आतला पत्ता राखून ठेवा, नाहीतर एके दिवशी तो बदलेल आणि पोर्ट टीव्हीकडे वळलेला असेल. बाहेरचा पत्ताही बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएसचं एखादं नाव घ्या, पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं.

लॅपटॉपवरच्या कॉन्फिगमध्ये ‘अलाउड आयपीज’ या ओळीत (कोणत्या पत्त्यांसाठी बोगदा वापरायचा) व्हीएमचा बोगद्यातला एकच पत्ता लिहा, पुढे ३२ चा मास्क, म्हणजे तेवढा एकच पत्ता. बरेच जण तिथे सगळी शून्यं टाकतात आणि मग लॅपटॉपचं सगळंच इंटरनेट घरून फिरून यायला लागतं. बोगद्यासाठी १९२.१६८.१ ची मालिका घेऊ नका. ती अर्ध्या जगात आहे, जिथे जाल तिथल्या वायफायशी टक्कर होईल.

बोगदा चालला की व्हीएमच्या फायरवॉलमध्ये एसएसएच फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवरून येऊ द्या आणि पासवर्डने लॉगिन बंद करून किल्लीवर या. हे सगळं घरी, व्हीएमची खिडकी समोर उघडी असताना करा. फायरवॉलचा नियम चुकला तर आत शिरायला तीच एक खिडकी असते.

रात्रपाळी

काल रात्री बसलो. बोगदा अर्ध्या तासात झाला, त्यातली वीस मिनिटं दोन्ही बाजूंच्या सार्वजनिक किल्ल्या उलट्या टाकल्या होत्या हे शोधण्यात गेली. हँडशेकची (दोन्ही टोकांची ओळख पटल्याची) वेळ दिसली तेव्हा जीवात जीव आला. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच तपासलं.

पण एक कोडं आहे. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन नो’ केलं, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. तरी किल्ली नसलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून पासवर्ड विचारतोय आणि घेतोयही!

जुनं टर्मिनल

मूळ कॉन्फिग फाइलच्या शेजारी त्याच नावाचं, शेवटी ‘डॉट डी’ असलेलं एक फोल्डर आहे, त्यात बघा. ५० ने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (उबुंटूची सुरुवातीची मांडणी करणारं साधन) फाइल असेल आणि तिच्यात ‘येस’ लिहिलेलं असेल. उबुंटू बसवताना एसएसएचला पासवर्ड चालेल असं टिक केलं की ती तयार होते. एसएसएच एखादी सेटिंग जिथे पहिल्यांदा सापडेल तीच धरतं आणि ते फोल्डर मूळ फाइलच्या डोक्यावरच वाचलं जातं. म्हणजे तुमचा ‘नो’ उशिरा पोचला. तिथे बदला. आणि नुसत्या फाइलवर विश्वास ठेवू नका. एसएसएचच्या सर्व्हरला कॅपिटल ‘टी’ चा पर्याय देऊन चालवा, प्रत्यक्षात काय लागू आहे ते तो ओळीने छापून देतो.

रात्रपाळी

बरोब्बर! तीच फाइल, तोच ‘येस’. म्हणजे शनिवारी मी किल्लीच्या भरवशावर असतो तरी दार पासवर्डला उघडंच राहिलं असतं.

उंबरठा

वाचनमात्र होतो, पण एक विचारतो. त्या व्हीएममध्ये शेअर्ड फोल्डर आहे का?

रात्रपाळी

आहे की. विंडोजचं आख्खं डॉक्युमेंट्स, फाइली इकडून तिकडे करायला.

उंबरठा

लिहायच्या परवानगीसकट?

रात्रपाळी

…हो.

उंबरठा

मग त्या रात्री कुणी आत शिरला असता तर व्हीएम राहू दे, तुमची सगळी कागदपत्रं त्याच्या हातात असती. पुसायचीही सोय होती. ‘गेली तर व्हीएम जाईल, स्नॅपशॉटवरून परत आणू’ असं आपण म्हणतो, पण व्हीएम काही पिंजरा नाही. ब्रिज्डमध्ये ती घरातल्या इतर यंत्रांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असते. नॅटमध्ये (विंडोजच्या पत्त्याआड) ठेवली तरी बाहेरून आत येणं तेवढं अडतं, आतून ती राउटरच्या पानापर्यंत आणि शेजारच्या प्रिंटरपर्यंत आरामात जाते. देवाणघेवाणीसाठी एक रिकामं फोल्डर करा आणि तेवढंच शेअर करा. क्लिपबोर्डही दोन्ही बाजूंनी चालू असेल तर बंद करा, होस्टवर, म्हणजे विंडोजवर, कॉपी केलेला पासवर्ड तिकडे वाचता येतो.

रात्रपाळी

डॉक्युमेंट्स काढलं. क्लिपबोर्डही. ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती, मी नुसता पोर्टवर अडकून बसलो होतो.

कोरी पाटी

टेलस्केल लावलं, चाललं. जुनं टर्मिनल, आभार. १८० दिवसांचं तेही बंद केलं.

रात्रपाळी

दोन दिवसांनी पुन्हा आलोय. आज बाहेरून जोडायला गेलो तर हँडशेकच होईना. पत्ता तपासला, किल्ल्या तपासल्या, मोबाइलवरून केलं, काही नाही. शेवटी घरी फोन करून डेस्कटॉपकडे बघायला सांगितलं. ‘स्क्रीन काळी आहे, एक दिवा हळूहळू मिचमिचतोय.’

किल्लीवाला

होस्ट झोपला. तो झोपला की व्हीएमही झोपते, आणि तिच्या आतला बोगदा तिला उठवू शकत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. हात लागलाय तोवर दुसरंही करून टाका: अपडेटनंतर विंडोज रीस्टार्ट झालं की व्हीएम आपोआप सुरू होत नाही. टास्क शेड्युलरमध्ये व्हीबॉक्समॅनेजची (व्हर्च्युअलबॉक्सचं कमांडने चालणारं साधन) व्हीएम हेडलेस, म्हणजे खिडकीशिवाय, सुरू करायची आज्ञा घाला, संगणक सुरू होताच चालेल अशी. टास्कमध्ये तुमचंच खातं निवडा आणि लॉगिन नसतानाही चालवायचा पर्याय लावा, नाहीतर त्याला तुमची व्हीएम सापडणारच नाही.

रात्रपाळी

आत्ता घरी पोचून दोन्ही केलं. मुद्दाम रीस्टार्ट केलं, लॉगिन न करता बाहेर जिन्यात गेलो, मोबाइल डेटावरून जोडलं. आत आहे. ऑथ लॉगमध्ये तीन दिवसांत फक्त माझं नाव. नवा स्नॅपशॉटही घेतला.