शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, जिभेखालच्या थेंबांचा कोणाला अनुभव?

चोपड्याची_आई:
मुलगा चार वर्षांचा आहे. मागे एका लग्नात शेवभाजीचा रस्सा तोंडात गेला आणि ओठ सुजले, अंगावर गांधी, उलट्या, दवाखान्यात इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे उतरलं. दाण्याची अ‍ॅलर्जी निघाली. घरात कूट बंद केलाय पण खान्देशात बाहेर वाचवायचं कुठे कुठे, भरीतात दाणे, चटणीत दाणे, तेल पण घाण्याचं. आता नणंदबाई म्हणू राहिल्या की जिभेखाली थेंब ठेवायची ट्रीटमेंट असते, अ‍ॅलर्जी मुळापासून जाते. सासूबाई म्हणतात रोज चिमूटभर कूट चाटव, सवय होईल. काय करू?

भुसावळकर_भाऊ:
ताई, आधी ते चाटवणं थांबवा!! एका दाण्यात अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम प्रोटीन असतं आणि थेंबांचा रोजचा डोस जातो फार तर काही मिलिग्रॅमपर्यंत, तो पण मायक्रोग्रॅमपासून वाढवत नेलेला. चिमूट काही मोजता येत नाही भो.

धुळे_बालरोग:
थेंबांची ट्रीटमेंट खरी आहे, 'मुळापासून' मात्र नाही. दाण्याचा अर्क जिभेखाली दोनेक मिनिटं धरायचा मग गिळायचा. तिथल्या पेशी तो पकडून शरीराला हळूहळू सांगतात की हा शत्रू नाही. डोस लहान म्हणून त्रास बहुतेक तोंडाला खाज येण्यापुरता, पण संरक्षणही बेताचंच. हेतू असा की चुकून थोडं पोटात गेलं तर जिवावर बेतू नये, वाटीभर चटणी खाता यावी असा नाही. रोज घ्यायचं, वर्षानुवर्षं, आणि बंद केल्यावर फायदा टिकेलच असं नाही. तोंडाने प्रत्यक्ष दाण्याची पावडर वाढवत देतात ती वेगळी ट्रीटमेंट, तिचा परिणाम जास्त आणि रिअ‍ॅक्शनही जास्त, अमेरिकेत त्याचं औषध 2020 मध्ये मंजूर झालं. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी थेंबांना मात्र तिथे अजून मंजुरी नाही. दमा कंट्रोलमध्ये नसेल तर दोन्ही नकोच. पहिला डोस आणि वाढवलेला प्रत्येक डोस डॉक्टरसमोर.

पाचोरा_पोरगा:
बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. आमच्या भाच्याला थेंब चालू आहेत पण ते धुळीतल्या किड्यांचे, शेंगदाण्याशी संबंध नाही, आणि लोक 'अ‍ॅलर्जीचे थेंब' म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात. शंभर पदार्थांची आयजीजी टेस्ट (रक्ताची एक तपासणी) करून कोणी वांगं, दूध, गहू सगळं बंद करायला सांगत असेल तर पैसे वाचवा, त्या टेस्टने अ‍ॅलर्जी ठरत नाही.

चोपड्याची_आई:
बरं झालं विचारलं. अ‍ॅड्रेनलीनचं काय, ते रिअ‍ॅक्शनमध्ये द्यायचं इंजेक्शन, घरी ठेवायचं का? आणि तेलाचं?

धुळे_बालरोग:
ठेवाच. डोस वजनावर, किलोला 0.01 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तयार डोस भरलेलं इंजेक्शनचं पेन इकडे सहज मिळत नाही, मग अँप्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज, पण किती भरायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरच्या दोघातिघांना समोर बसून शिकवून घ्या. शाळेतही एक द्या. रिअ‍ॅक्शनमध्ये नुसतं सिट्रिझिन (अ‍ॅलर्जीचं साधं औषध) देऊन वाट बघत बसू नका. तेलाचं म्हणाल तर रिफाइंडमध्ये प्रोटीन जवळपास नसतं, घाण्याच्या तेलात राहतं, त्यामुळे घाण्याचं टाळा.

चोपड्याची_आई:
सासरे घाण्याचंच तेल लागतं म्हणतात, त्यांची फोडणी वेगळ्या कढईत करते आता 😅