आधी टाच बांधूनच शिका

"गुलमर्गला थेट टेलिमार्कच (टाच मोकळी ठेवून करायचं स्कीइंग) शिकू की आधी साधं, टाच बांधलेलं स्कीइंग?" या प्रश्नावर माझं मत: आधी चार-पाच दिवस साधंच. स्कीच्या कडांवर तोल जमला की अर्धी लढाई झाली.

१९व्या शतकात नॉर्वेच्या टेलिमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइमने टेलिमार्कचं वळण गाजवलं. बूट फक्त पुढून अडकतो, टाच मोकळी. वळताना बाहेरची स्की पुढे, आतली मागे, दोन्ही गुडघे वाकलेले. नवशिके (मीही!) सगळं वजन पुढच्या पायावर टाकतात. मागचा पाय मग नुसता फरफटत येतो आणि आपण तोंडावर. मागच्या पायाच्या चवड्यावर, करंगळीच्या बाजूने दाब द्या. उभं राहून नव्हे, खाली बसतच वळायचं.

नाशकात बर्फ कुठला! मी दोन महिने पांडवलेणीच्या पायथ्याशी सकाळी लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचा व्यायाम) मारायचो. एका आजोबांनी विचारलंही, "काय हरवलं रे बाळा?" मांड्या मात्र तयार झाल्या.

आणि हो, टेलिमार्कचे बूट वेगळे असतात. भाड्याने मिळतील का, निघण्याआधीच फोन करून विचारा. बरीच बाइंडिंग्ज (बूट स्कीला अडकवणारे पकड-भाग) पडल्यावर आपोआप सुटत नाहीत, तेही विचारून घ्या.