'निळूभाऊ म्हणजे वाड्यावरचा पाटील' एवढंच नाही

अभिनेते निळू फुले गावच्या पाटलाच्या एकाच साच्यात अडकले, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९) हे चित्रपट लागोपाठ बघा. दोन्हींचं दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा विजय तेंडुलकरांच्या. 'सामना'त सत्ता निळूभाऊंच्या हिंदुरावाकडे, आणि गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहणारे मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. 'सिंहासन'मध्ये बाजू उलटते: लागू अर्थमंत्री दाभाडे, तर निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. हिंदुराव बोलून माणसं गुंडाळतो. दिगू बहुतेक वेळ नुसता ऐकतो. म्हणून त्याच्या प्रसंगांत संवादांपेक्षा डोळ्यांकडे बघा. शेवटचं ते वेडं हसू इतकं हादरवतं, कारण तोवर या माणसानं सगळं आत साठवलेलं असतं. असा ताबा फार थोड्या नटांकडे होता.