सेंट-एमिलियों: वाइन न घेणाऱ्यांना सोबत नेता येईल का?

प्रवासोत्सुक:
येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही चार दिवस फ्रान्सच्या बोर्दो शहरात मुक्कामाला आहोत आणि त्यांतला एक दिवस सेंट-एमिलियोंसाठी राखून ठेवण्याचा विचार आहे. सोबत येणाऱ्या सासूबाई वाइन घेत नाहीत आणि त्यांचे गुडघेही आता फारशी साथ देत नाहीत. मला वाइनची आवड आहे, पण बाटलीवरचे लेबल वाचून काही उमगत नाही. अशा गावात त्यांना दिवसभर नेणे योग्य ठरेल का? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

कातळवाट:
अवश्य न्या. माझ्या मते हे गाव वाइनच्या आधी दगडाचे आहे. आठव्या शतकात फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातून आलेला एमिलियों नावाचा साधू येथील गुहेत राहिला आणि त्याच्या स्मरणार्थ पुढे अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास चुनखडीच्या अखंड कातळात एक भव्य चर्च कोरले गेले. खांब, कमानी, छत असे सारे खडक पोखरून घडवलेले हे लेणेच आहे. आत मी एका खांबाजवळ बराच वेळ उभा होतो. दगडावरचे छिन्नीचे तिरपे घाव आणि ओलाव्याने काळवंडलेले पट्टे हाताच्या अंतरावर दिसत होते. आत केवळ मार्गदर्शकासोबतच जाता येते, म्हणून पर्यटन कार्यालयात इंग्रजी फेरीची वेळ आधीच नक्की करावी. या परिसरातल्या खाणींतून निघालेला दगड गावच्या घरांना लागला, बोर्दोच्या इमारतींनाही लागला, आणि त्यातून जमिनीखाली जी पोकळी उरली तिचा काही भाग आज वाइन मुरवण्याचे तळघर झाला आहे, कारण तिथला गारवा वर्षभर जवळपास सारखाच असतो. हा संबंध लक्षात आला की गाव निराळेच दिसू लागते.

गुडघ्यांविषयी मात्र स्पष्ट सांगतो. गाव उतारावर वसलेले आहे आणि वरचा व खालचा भाग जोडणाऱ्या गल्ल्या, ज्यांना तिथे ‘तेर्त्र’ म्हणतात, गुळगुळीत गोट्यांच्या आणि अतिशय चढ्या आहेत. रेल्वे स्थानकही गावापासून दीड-दोन किलोमीटर दूर, द्राक्षमळ्यांत आहे. त्यामुळे सासूबाईंसाठी मोटारीने थेट वरच्या भागात उतरावे. कॉलेजिएट चर्च (कातळातल्या चर्चहून वेगळे, जमिनीवर बांधलेले), त्याचे शांत ओवरीयुक्त प्रांगण, पर्यटन कार्यालय आणि खालच्या छपरांचे दृश्य हे सर्व तिथेच आहे. घंटामनोऱ्याच्या जवळजवळ 200 पायऱ्या तुम्ही एकट्याने चढा.

द्राक्षवेल:
लेबलाबद्दल लिहिते, कारण येथे भल्याभल्यांची गफलत होते. ‘सेंट-एमिलियों ग्रां क्र्यू’ ही श्रेणी नव्हे. ठरावीक नियम पाळून केलेल्या वाइनसाठीचे ते नाव आहे. ‘क्लासे’ हा शब्द जोडलेला असेल तरच ती मळ्याची अधिकृत वर्गवारी समजावी. ही वर्गवारी 1955 साली सुरू झाली आणि साधारण दर दहा वर्षांनी ती पुन्हा तपासली जाते. अलीकडची यादी 2022 ची आहे. द्राक्षे मुख्यतः मेर्लो आणि काबर्ने फ्रां. मोठ्या नावांमागे न धावता, आधी वेळ ठरवून एखाद्या कौटुंबिक मळ्यात जावे, असा माझा आग्रह आहे. चव घेऊन वाइन भांड्यात थुंकणे तिथे असभ्य मानत नाहीत, त्यामुळे संकोच नसावा. आणि सासूबाईंना इथले मॅकरॉन, म्हणजे बदामी बिस्किट, अवश्य द्या, पण अंडे चालते का ते आधी विचारा, कारण बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक एवढेच त्यात असते. पॅरिसच्या रंगीत, सारण भरलेल्या मॅकरॉनशी त्याचे साम्य शोधू नये.

प्रवासोत्सुक:
मनापासून आभार. अंडे त्यांना चालते. सप्टेंबरमध्ये विशेष काही असते का?

कातळवाट:
तिसऱ्या रविवारी असते. 1199 च्या सनदेत मूळ असलेल्या आणि 1948 साली पुनरुज्जीवित झालेल्या ‘ज्युराद’ या इथल्या वाइन-मंडळाचे सदस्य लाल झगे घालून मिरवणुकीने जातात आणि राजाच्या बुरुजावरून द्राक्षतोडणीची घोषणा करतात. सोहळा देखणा असतो, पण गर्दी फार होते. सासूबाई सोबत असताना मी तो रविवार टाळून मधल्या वारी, सकाळी लवकर गेलो असतो.